आज आणि उद्या रात्री दक्षिणेकडे बघा: अरोरा (१० व ११ मे २०२४)

खारे_वारे | १० मे, दुपारी १२:२०

पुरणाची डाळ कुकरमध्ये आहे, तेवढ्या वेळात लिहून टाकते. अरोरा म्हणजे सौर वादळामुळे ध्रुवांकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत उजेड. होबार्ट, डुनेडिन, इन्व्हरकारगिल, मेलबर्न, थोडक्यात जे कोणी नकाशाच्या तळाशी राहतात, त्यांनी आज सणाची जेवणं लवकर उरका आणि जाड कपडे काढून ठेवा.

सूर्यावर ३६६४ क्रमांकाचा डागांचा मोठा पुंजका आहे. ८ तारखेपासून त्यातून एकामागून एक सीएमई सुटलेत, म्हणजे प्लाझ्माचे अजस्र लोट. निदान चार-पाच तरी पृथ्वीच्या रोखाने निघालेत आणि मागचे वेगवान असल्यामुळे पुढच्यांना गाठत येताहेत. अमेरिकेच्या अवकाश हवामान केंद्राने जी४ वादळाचा, म्हणजे पाचपैकी चौथ्या पायरीच्या चुंबकीय वादळाचा इशारा दिलाय. असा इशारा याआधी जानेवारी २००५ मध्ये दिला होता, तेव्हा मी सांगलीत दहावीच्या सराव परीक्षा देत होते.

चंद्राची कटकट नाही. अक्षय्य तृतीयेची कोर, लवकर मावळेल.

आम्ही साऊथ आर्मच्या रस्त्यावर गोट ब्लफला जातोय. समोर स्टॉर्म बे, त्यापुढे थेट अंटार्क्टिकापर्यंत गाव नाही. येणाऱ्यांनी एवढं करा: गाडी लावली की दिवे लगेच बंद, बॅटरीला लाल कागद गुंडाळा, फोनचा उजेड कमी करा, आणि कठड्यापलीकडे जाऊ नका, तिथे सरळ कडा आहे. परतताना सावकाश चालवा, वॉलबी (छोट्या कांगारूसारख्या) रस्त्याच्या मधोमध बसलेल्या असतात.

धाग्यावर वेळा भारतातल्या दिसतात. होबार्ट-मेलबर्नसाठी साडेचार तास मिळवा, न्यूझीलंडसाठी साडेसहा.

शिट्टी झाली. पळते.

शंकेखोर | १० मे, १२:५८

पुण्यातून बघणार तर काही नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षी एप्रिलात तुम्ही असंच सगळ्यांना जागवलं होतं. माझी चुलत बहीण लॉन्सेस्टनला असते. ती बिचारी गाडी काढून गेली, रात्री दोनपर्यंत कुडकुडली, आणि तिला दिसलं ते तिच्याच शब्दांत 'ढगाला जरासा उजेड आल्यासारखं'. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोटोत मात्र हिरवं-गुलाबी आकाश! याला लग्नाच्या अल्बममधलं गोरेपण म्हणतात.

खारे_वारे | १० मे, १३:२५

तिने पाहिला तो अरोराच होता हो. अंधारात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळजवळ कामातून जातात. उरतात त्या दंडपेशी, त्यांना उजेड कळतो, रंग नाही. त्यामुळे मंद अरोरा राखाडीच दिसणार, धुक्याच्या पट्ट्यासारखा. कॅमेरा दहा सेकंद प्रकाश साठवत बसतो, म्हणून त्याला रंग मिळतो. फोटो खोटे नसतात (सगळे नाही), पण ते बघून जाणाऱ्याचा विरस होतो हे मात्र खरं. मी पण पहिल्यांदा पाऊण तास अरोराकडेच बघत 'अरोरा कुठाय' विचारत होते.

ढग आहे की अरोरा हे ओळखायची सोपी खूण: तारे बघा. ढग ताऱ्यांना झाकतो, अरोराच्या आरपार तारे दिसतात. आणि राखाडी पट्ट्यातून उभे खांब वर चढायला लागले, सावकाश डावी-उजवीकडे सरकायला लागले, की मग शंका नको.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. एकदा व्हॉट्सॲप उघडलं की पुन्हा पहिल्यापासून.

कोलंबीभात | १० मे, १३:४०

ताई, आम्ही वेरिबीत, मेलबर्नच्या नैऋत्येला. मुलगा सात वर्षांचा आहे. मागच्या अंगणातून दिसेल का? की निघावं लागेल?

बाकी गुलाबी आकाशाचं म्हणाल तर २०२२ च्या जुलैत मिल्डुराला अख्खं गाव घाबरलं होतं. परग्रहवासी आले म्हणून लोक बाहेर. शेवटी औषधी गांजाच्या शेतीतले दिवे निघाले, पडदे ओढायचे राहिले होते म्हणे.

खारे_वारे | १० मे, १३:५२

अंगण विसरा. मेलबर्नहून अरोरा दिसलाच तर बहुतेक वेळा क्षितिजाच्या बोटभर वर दिसतो, आणि तुमच्याकडे ते बोटभर दिव्यांनीच भरलेलं. दक्षिणेला उघडा समुद्र हवा. तुम्हाला एरीज इनलेट किंवा पॉइंट लॉन्सडेल बरं पडेल. पूर्वेकडचे लोक केप शँक, फ्लिंडर्सला जातात. मुलाला गाडीतच झोपू द्या, काही दिसलं तर उठवा.

माऊची_आई | १० मे, १४:१०

डुनेडिन हजर. हूपर्स इनलेटला जावंसं फार वाटतंय. तिथलं पाणी वारा नसेल तर परातीतल्या पाण्यासारखं स्थिर असतं, एक आकाश वर, एक खाली. पण उद्या पहाटे सहाची ड्यूटी आहे आणि माऊला सर्दी. खिडकीतून डोकावण्यापलीकडे काही होईलसं दिसत नाही. तुम्ही बघा आणि लिहा.

आमच्या खाली जे स्टुअर्ट बेट आहे त्याचं माओरी नाव राकिउरा. त्याचा अर्थ 'उजळलेलं आकाश' असा सांगतात. पूर्वीच्या लोकांना ना इशारे ना ॲप, तरी बरोबर नाव ठेवलं.

वेधशाळा_काका | १० मे, १५:०५

सर्वांना सणाच्या शुभेच्छा. मी निवृत्त माणूस, पनवेलला असतो. नोकरीतलं आयुष्य चुंबकमापकांच्या नोंदी वाचण्यात गेलं, म्हणून दोन शब्द.

केपीच्या मागे धावू नका. केपी हा चुंबकीय खळबळीचा तीन-तीन तासांचा, सगळ्या पृथ्वीचा मिळून काढलेला निर्देशांक आहे. तो ८ झाल्याचं तुम्हाला कळेपर्यंत निम्मा खेळ आटोपलेला असतो. बघायचं ते बीझेड. सौर वाऱ्यासोबत सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही वाहत येतं, त्याचा उत्तर-दक्षिण घटक म्हणजे बीझेड. आमच्या गावी उसाला दारं धरतात त्यातला प्रकार आहे. पाटाला पाणी कितीही असो, दारं बंद असेल तर सरी कोरडी. बीझेड उत्तरेकडे, म्हणजे अधिक असेल तर दारं बंद. ते दक्षिणेकडे वळून उणे झालं की पृथ्वीच्या क्षेत्ररेषांशी त्याची जोडणी होते, आणि पाणी आत. उणे १० वर तासभर टिकलं तर होबार्टकरांनी चपला घालाव्यात. उणे २० च्या खाली गेलं तर मेलबर्नकरांनीही.

हे आकडे येतात पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला, एल१ बिंदूभोवती फिरणाऱ्या यानांकडून. अमेरिकेची एस आणि डिस्कव्हर आहेत, आपलं आदित्य एल१ सुद्धा या जानेवारीपासून तिथेच आहे. लोट सेकंदाला साडेसातशे किलोमीटर वेगाने आला तर तिथून इथे अर्धा तास. पक्की आगाऊ बातमी मिळते ती एवढीच. लोट कोणत्या दिशेचं क्षेत्र घेऊन येतोय हे तो एल१ ला पोचेपर्यंत कळत नाही. त्यामुळे जी४ चा इशारा असूनही शून्य दिसू शकतं. आणि येण्याची वेळ पाच-सहा तासांनी सहज चुकते.

शंकेखोर | १० मे, १५:२०

म्हणजे आमच्या हवामान खात्यासारखंच की.

वेधशाळा_काका | १० मे, १५:३१

हवामान खात्याकडे शेकडो केंद्रं आहेत. इथे सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या १५ कोटी किलोमीटरांत मोजमाप करणारी यानं हाताच्या बोटांवर. तुलना करायचीच तर कोकण किनाऱ्यावर एकच पर्जन्यमापक ठेवून केलेला अंदाज म्हणा.

खारे_वारे | १० मे, १९:४०

रात्रीचे बारा वाजून गेले इथे. आत्ता घरी पोचलो. अहवाल: काही नाही.

आठपासून सव्वाअकरापर्यंत उभे होतो. चाळीसेक गाड्या. आकाश इतकं स्वच्छ की रडू यावं. त्रिशंकू डोक्यावर, मित्र आणि मित्रक त्याच्या मागे. नैऋत्येला खाली मॅजेलनचा मोठा मेघ (ढग नव्हे, शेजारची दीर्घिका), त्यालाच एक जण 'आला, आला' म्हणून ओरडला आणि वीस जणांनी त्याचे फोटो काढले. बीझेड शून्याभोवती घुटमळतंय, वाऱ्याचा वेगही नेहमीचाच. लोट अजून पोचलेलाच नाही. शेजारी काही विद्यार्थी चटईवर बसले होते, त्यांना पुरणपोळी दिली. गोड पराठा म्हणून खाल्ली त्यांनी. चालेल.

बोटं वाकत नाहीयेत. झोपते. उद्या शनिवार, उद्या बघू.

वेधशाळा_काका | १० मे, २२:४४

उठा! लागला धक्का. १० वाजून ३५ मिनिटांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने एकदम उडी मारलीय, वादळाची सुरुवात झाली. होबार्टला पहाटेचे तीन वाजून गेले असतील. कोणी जागं आहे का?

खारे_वारे ताई?

वेधशाळा_काका | १० मे, २३:१८

बीझेड खोल उणे. असे आकडे मी कमी वेळा पाहिलेत. कोणाचा फोन नंबर कोणाकडे आहे का?

माऊची_आई | १० मे, २३:४५

काका मी!! कामावर पोचले, दोन मिनिटं आहेत. सव्वापाचला घरातून निघाले तर समोरच्या टेकडीमागे लालसर. आधी वाटलं कुठेतरी आग लागली. गाडी सुरू केली, वळणावर बघते तर ते लाल वर वर येतंय आणि त्यात पांढरे उभे दांडे. रंग साध्या डोळ्यांना दिसत होता, शंकेखोर साहेब, फोन पर्समध्ये होता माझा. पार्किंगमध्ये आम्ही चार जणी गणवेशात उभ्या, रात्रपाळीवाल्या बाहेर येताहेत आणि तिथेच थांबताहेत. कोणी बोलेना.  जाते, उशीर झाला.

खारे_वारे | ११ मे, ०३:१०

सात वाजता उठले. हा धागा वाचला. नवऱ्याला दाखवला. आम्ही दोघं दहा मिनिटं स्वयंपाकघरात नुसते बसून आहोत. सव्वातीन तास थंडीत उभं राहून आलो, आणि त्यानंतर तीन तासांनी तो आमच्या छपरावर येऊन गेला.

शंकेखोर | ११ मे, ०७:१५

मी काही बोलत नाही. (पुरणपोळ्या उरल्या असतील तर सांगा.)

स्वान_नदीकाठी | ११ मे, १०:०५

पर्थहून. गेल्या वर्षी २० एप्रिलला एक्समथला ग्रहण बघायला गेलो होतो तेव्हाचे गॉगल ड्रॉवरमध्ये होते. आत्ता ते लावून सूर्य बघितला. तो डाग दुर्बिणीशिवाय दिसतोय! सूर्याच्या थाळीवर पेन्सिलीने टोचल्यासारखा. पृथ्वीच्या पंधरापट रुंद आहे म्हणे, आणि इथून तीळभर. ग्रहणाचा प्रमाणित गॉगल असेल तरच बघा, एक्स-रे फिल्म वगैरे जुने उद्योग करू नका.

वेधशाळा_काका | ११ मे, ११:२०

दोन बातम्या. एक, वादळ जी५ ला पोचलं. यापूर्वीचं जी५ ऑक्टोबर २००३ मधलं. दोन, लडाखला हानले इथल्या आपल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत काल रात्री क्षितिजावर लाल झाक टिपली गेली आहे. भारतातून!

शंकेखोर | ११ मे, ११:३४

हानलेला दिसतं तर तळजाईवरून का नाही? आणि लालच का? परदेशातल्या फोटोत हिरवा असतो.

वेधशाळा_काका | ११ मे, १२:१५

प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर.

दोन्ही रंग ऑक्सिजनचेच. हिरवा साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर, लाल २०० च्या वर. उत्तेजित अणूला लाल प्रकाश सोडायला जवळपास ११० सेकंद लागतात. खाली हवा दाट, एवढ्या वेळात दुसरा कोणी तरी येऊन धडकतो आणि ती ऊर्जा प्रकाश न होताच जाते. वर विरळ हवेत त्याला निवांतपणा मिळतो. हिरव्याला पाऊण सेकंदही पुरतो, म्हणून तो खालीही जमतो. पडद्याची सगळ्यात खालची गुलाबी-जांभळी किनार नायट्रोजनची.

आता उंच तेवढं दुरून दिसतं. १०० किलोमीटरवरचा हिरवा ११०० किलोमीटरपलीकडे क्षितिजाखाली जातो. २५० वरचा लाल १७०० किलोमीटरवरूनही दिसू शकतो. दुरून मंदिराचा कळस दिसतो, ओटा नाही, तसं. हानलेहून दिसला तो कळस, तोही साडेचार हजार मीटर उंचीवरच्या काळ्या आकाशात, कॅमेऱ्याला. पुणे त्याच्या आणखी चौदा अंश दक्षिणेला. तळजाईवर फार तर स्वारगेटचा प्रकाश दिसेल.

पण महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध नाही असं समजू नका. १८५९ च्या २ सप्टेंबरला आजवरचं सगळ्यात गाजलेलं सौर वादळ आलं, त्याची विषुववृत्ताजवळची मोलाची नोंद कुलाब्याची आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, चुंबकीय वेध १८४१ पासून. त्या दिवशी चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकाचा आकडा सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. कालच्या वादळाचा जागतिक आकडा चारशेच्या घरात आहे, यावरून कल्पना करा. हे सगळं माणसांनी सुईकडे डोळे लावून, ठरावीक मिनिटांनी वहीत उतरवलेलं. त्या वह्या दीडशे वर्षांनी उघडल्या गेल्या आणि २००३ मध्ये त्यांवरून जगाने त्या वादळाचं माप घेतलं. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या प्रवाहाने वेध बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला नेलं. आज अलिबागच्या समुद्रावर भेळ खाणाऱ्या किती जणांना माहीत असतं, मागे एवढं काय चाललंय ते?

आणि हो, ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईतून अरोरा दिसल्याची तेव्हाच्या इंग्रजी वर्तमानपत्रात बातमी आहे. तेव्हा शंकेखोर, अगदीच आशा सोडू नका. फक्त पुढच्या वेळी तळजाईवरचे दिवे घालवायची सोय करा.

शंकेखोर | ११ मे, १२:२८

परवा मतदान आहे, उमेदवारांना सांगून बघतो.

खारे_वारे | ११ मे, १३:४८

गोट ब्लफ. सव्वासहा. अजून पुरता अंधार नाही आणि दक्षिणेला गुलाबी. हा संध्याप्रकाश नाही, सूर्य तिकडे बुडत नाही!!

खारे_वारे | ११ मे, १४:०९

खांब. मोजता येत नाहीत.

खारे_वारे | ११ मे, १४:३१

डोक्यावरून पलीकडे गेलाय. उत्तरेकडे बघतेय मी. उत्तरेकडे!

माऊची_आई | ११ मे, १४:३७

माऊला गोधडीत गुंडाळून बाहेर आणलं. सर्दी गेली खड्ड्यात. आख्खी गल्ली रस्त्यावर आहे, शेजारच्या आजी ड्रेसिंग गाऊनवर. नवरा म्हणतो रात्री वीज जाईल की काय, टॉर्च शोधून ठेव. इथल्या ग्रिडने आज आणीबाणी जाहीर करून काही वाहिन्या आधीच बंद ठेवल्यात, वादळाने जमिनीतून तारांत प्रवाह शिरतो म्हणून. वीज गेली नाही अजून.

वेधशाळा_काका | ११ मे, १४:५०

योग्य केलं त्यांनी. १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्वेबेकची वीज अशाच वादळाने नऊ तास गेली होती, साठ लाख लोक अंधारात.

कोलंबीभात | ११ मे, १६:१५

एरीज इनलेटला पोचायला दोन तास लागले, सगळं मेलबर्न याच रस्त्यावर. अर्धं आकाश ढगात. पण ढगच गुलाबी! मधल्या फटीतून लाल पट्टे खाली आल्यासारखे दिसत होते. चिरंजीवांना उठवलं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं, मग माझ्या फोनमध्ये पाहिलं, आणि 'यात जास्त भारी दिसतं' म्हणून परत झोपले. बायको मात्र गाडीत यायला तयार नाही. साडेसातला निघायचं ठरलं होतं, पावणेनऊ झालेत.

हिमटोपी | ११ मे, १७:०२

बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालो या धाग्यासाठी. मी एक हिवाळा मैत्रीवर काढलाय, अंटार्क्टिकातलं आपलं केंद्र, जवळपास ७१ अंश दक्षिण. आम्ही पंचवीसेक जण. तिथे मार्च उजाडला की रात्री परत येतात आणि त्यांच्याबरोबर हा. पहिल्या महिन्यात कोणी दारातून ओरडलं की सगळे ताटं टाकून पळायचे. जूनमध्ये, सूर्य दिसेनासा झाल्यावर, आतूनच विचारायचे, 'कुठला रंग?' हिरवा म्हटलं तर पोळी संपवून जायचं. लाल म्हटलं तर उठायचं.

कॅमेऱ्याची बॅटरी काखेत ठेवायची, फोटोपुरती बाहेर. नाकाची वाफ लेन्सवर गेली की तिथेच बर्फ, मग तो दिवस संपला. आवाज येतो का असं सगळे विचारतात. मला तरी फक्त जनरेटरचा यायचा.

होबार्टहून डोक्यावर दिसला म्हणजे काय ताकदीचं वादळ असेल! आम्हाला ते रोजचं होतं, म्हणून काही वेळा नीट बघितलंच नाही. ते आत्ता आठवतंय.

खारे_वारे | १२ मे, ०८:३०

झोप झाली. आता सविस्तर लिहिते, कालच्या उद्गारचिन्हांबद्दल माफी.

सहा वाजताच पोचलो होतो, गाडी लावायला जागा नव्हती, पाऊण किलोमीटर चालत गेलो. अंधार पडता पडता दक्षिणेला गुलाबी झाक होती, तिची कडा हळूहळू वर सरकत होती. एरवी मी तिथे राखाडी पट्टा शोधत उभी असते. काल शोधावं लागलं नाही. साडेसहाच्या पुढे खांब उभे राहिले, पांढरट, बुंध्याशी हिरवे, वर जाता जाता लाल. साध्या डोळ्यांना फोटोइतका भडक नव्हता, कुंकवात पाणी जास्त झाल्यावर होतो तसला लाल. पण लाल. आणि फोटोत जे येत नाही ते म्हणजे हालचाल. एक खांब विझतोय तोवर डावीकडे दुसरा, आणि मधूनच खालून वर उजेडाच्या लाटा धावायच्या, पाठोपाठ, सेकंदाला एखादी.

मग ते सगळं डोक्यावर आलं आणि एका बिंदूकडून चहूबाजूंना किरण फुटल्यासारखं दिसायला लागलं, उघडलेल्या छत्रीच्या काड्या आतून बघाव्यात तसं. तो बिंदू बरोबर माथ्यावर नव्हता, उत्तरेला कललेला होता. काका, असं का?

आठच्या सुमारास सगळं मंदावलं. बरेच लोक गेले. आम्हीही निघणार होतो, नवरा म्हणाला चहा संपवू. गाडीच्या टपावर थर्मास ठेवला, झाकणात चहा ओतला. टपावर दव पडलं होतं, आणि त्या दवाला रंग चढायला लागला. आधी टप लाल झाला, मग आम्ही वर पाहिलं. दुसरी फेरी पहिलीपेक्षा जोरदार होती. नवऱ्याचा चेहरा मला दिसत होता, चंद्र नसताना. शेजारी एक म्हातारा मनुष्य खुर्ची टाकून बसला होता, इथेच जन्मलेला. म्हणाला, आयुष्यात असा दोनदा पाहिला.

विचारलेल्यांसाठी: आयएसओ १६००, छिद्र २.८, आधी ८ सेकंद, नंतर ३ सेकंदही जास्त होत होते. फोकस हाताने, एखाद्या ताऱ्यावर. फोन असेल तर नाइट मोड आणि टेकायला दगड, तेवढ्यात भागतं.

वेधशाळा_काका | १२ मे, ०९:०५

ते किरण खरं तर समांतर असतात, क्षेत्ररेषांना धरून. रेल्वेचे रूळ दूरवर मिळाल्यासारखे दिसतात तसे ते एका बिंदूत मिळाल्यासारखे भासतात. होबार्टला क्षेत्ररेषा जमिनीशी ७२-७३ अंशांचा कोन करतात, पूर्ण उभ्या नसतात, वर जाताना उत्तरेकडे झुकतात. म्हणून तुमचा बिंदू माथ्याच्या १७ अंश उत्तरेला. मी आयुष्यभर हा कोन आकड्यांत पाहिला. तुम्ही मान वर करून पाहिलात.

पाणचक्की | १२ मे, ०९:४०

भारी धागा! डिसेंबरात दक्षिण अमेरिकेत उशुआयाला जातोय, ५५ अंश दक्षिण. होबार्ट ४३ वर आहे, म्हणजे तिकडे याहून छान दिसेल ना?

वेधशाळा_काका | १२ मे, १०:१०

दोन कारणांनी नाही. अरोरा भूगोलाच्या ध्रुवाभोवती नाही, चुंबकीय ध्रुवाभोवती कडं करतो. दक्षिण चुंबकीय ध्रुव अंटार्क्टिकाच्या ऑस्ट्रेलियाकडच्या किनाऱ्याजवळ, समुद्रात आहे. त्यामुळे तास्मानिया आणि न्यूझीलंडचं दक्षिण टोक नशीबवान, उशुआया नकाशावर खाली असूनही कड्यापासून लांब. आणि दुसरं, डिसेंबरात तिथे पुरती रात्रच होत नाही. पेंग्विन बघा.

शक्य असेल तर मार्च किंवा सप्टेंबरात होबार्टला जा. विषुवदिनांच्या आसपास पृथ्वीचा कल सौर वाऱ्याच्या क्षेत्राशी असा जुळतो की दारं जरा सहज उघडतं.

खारे_वारे | १२ मे, १०:२२

एक राहिलंच. त्या गडबडीत थर्मासचं झाकण टपावरून कुठे तरी पडलं. स्टीलचं आहे, आईने रुखवतात दिलेलं. आज कोणी गोट ब्लफला जाणार असेल तर खालच्या पार्किंगच्या उजव्या कोपऱ्यात बघाल का?

शंकेखोर | १२ मे, १६:४५

बहीण आज लॉन्सेस्टनहून अडीच-तीन तास गाडी हाकत गेली, मी सांगितलं नव्हतं, स्वतःच. आत्ता तिथूनच फोन होता. ढग आहेत, तारासुद्धा दिसत नाहीये. झाकण सापडलंय, थोडं चेपलंय. कुठे आणून द्यायचं विचारतेय.